दर सोमवारी एक कथा

ती घटना आजही आठवते. खून नव्हता, दरोडा नव्हता. एका बाईला दर सोमवारी एक कथा लिहून द्यायची होती, एवढंच.

माझी निवृत्ती जवळ आली होती. मुळशीतल्या आमच्या ठाण्यात शनिवारची हजेरी आटोपली आणि महिला हवालदार आत आल्या.

"साहेब, नांदे गावची एक बाई आलीय. फोन हरवला म्हणते. पण फोन तिच्या पिशवीतच वाजतोय, आणि वाजला की ती दचकतेय."

खोटी तक्रार घेऊन येणारा माणूस पुष्कळदा खरी तक्रार सांगायला घाबरलेला असतो. मी तिला आत बोलावलं, चहा मागवला आणि फोनचं नावही काढलं नाही. चहा अर्धा झाल्यावर ती बोलू लागली.

बाई बी.ए. झालेली. नवरा हिंजवडीत कंपनीची कॅब चालवतो, घरी भातशेती. तिला कथा लिहायचा नाद, पण घरात कुणाला पत्ता नाही. कथेला मानधन देणारी मासिकं कोणती, हे ती फोनवर शोधत बसायची. बहुतेकांनी पोचही दिली नाही. शेवटी एका 'संपादका'चं उत्तर आलं, 'तुमच्या लेखणीत दम आहे. मानधन नक्की.' तिनं हरखून आपली सगळ्यांत चांगली कथा पाठवली. घटना खरी आहे का, असं त्यानं विचारलं. इतक्या कौतुकानं कुणी प्रथमच विचारत होतं, तिनं सगळं सांगून टाकलं.

कथा तिच्या नणंदेची होती. जमिनीला भाव आला तसा भावांनी बहिणीकडून हक्कसोडपत्र करून घेतलं. आमच्याकडे बहिणीनं ही सही हसतमुखानं करायची असते, नाहीतर माहेर तुटतं. कथेतली बहीण सही करून येते आणि आता आपलं न राहिलेल्या शेतात राब भाजते. भाताचं बी पेरण्याआधी वाफ्यावर शेण, पाला, गवत पसरून जाळतात, तो राब.

संपादक कसला, भामटा होता. ती कथा त्यानं एका चांगल्या मासिकात स्वतःच्या नावानं छापून आणली आणि त्याला चटक लागली. 'दर सोमवारी नवी कथा पाठवायची. नाहीतर ही कुणाच्या घरातली गोष्ट आहे ते तुमच्या गावाच्या ग्रुपवर टाकतो.' पैसे मागणारे खंडणीखोर मी खूप पाहिले. गोष्टी मागणारा हा पहिलाच.

"आता काय बी सुचंना, साहेब. परवा सोमवार हाय. सासूबाई मला घरात ठिवायच्या न्हाईत. आन् नणंदबाईंचं म्हायेर माझ्यामुळं तुटंल."

"मग तक्रार द्या."

"न्हाई. कागदावर नाव आलं की गावभर झालं."

नवऱ्याच्या भीतीनं तिनं सगळे मेसेज पुसले होते. तक्रार नाही, पुरावा नाही आणि सोमवार तोंडावर. मी हवालदार बाईंच्या मदतीनं तिच्याकडून एक मेसेज करवला: फोन बिघडलाय, लांब मजकूर जात नाही, कथा कागदावर लिहिलीय, हातात देते. हावरट माणूस सावधपणा विसरतो. रविवारी सकाळी तो हिंजवडीतल्या चहाच्या टपरीवर स्वतः हजर झाला. आम्ही त्याला चौकशीसाठी ठाण्यात आणलं आणि त्याचा फोन टेबलावर ठेवून घेतला.

इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं. छापलेला अंक त्यानं माझ्यापुढे ठेवला. "कथा माझी आहे. त्या बाईच चोरताहेत."

मी कथा वाचली. माझं बालपण भातखाचरात गेलेलं.

"चांगली आहे. पण लिहिणारा नवशिका दिसतो," मी म्हणालो. "राब कुणी वारा येतो त्या बाजूनं पेटवतं का? आग भडकून वरच्यावर निघून जाते, माती भाजतच नाही. उलट्या बाजूनं लावतात, म्हणजे धुमसत येतो. शेंबडं पोरही ही चूक करणार नाही."

त्याला ते झोंबलं. "चूक नाही, सुधारणा आहे ती! तिनं आग नुसती धुमसत ठेवली होती. वाचकाला ज्वाळा लागतात. त्या मी घातल्या."

"तिनं म्हणजे कुणी?"

त्याचा चेहरा पडला. पण लगेच सावरून म्हणाला, "माझ्याविरुद्ध तक्रार आहे का? नसेल तर माझा फोन द्या."

त्याचं बरोबर होतं. तक्रारीशिवाय त्याला फार वेळ बसवून ठेवता येत नव्हतं. तेवढ्यात हवालदार बाई धावत आल्या. शेजारच्या खोलीत बसवलेली बाई निघून गेली होती आणि फोन उचलत नव्हती. एक शिपाई नांद्याला धाडला, दुसरा धरणाच्या रस्त्याला. धरणाचा रस्ता का, हे ठाण्यात कुणी विचारलं नाही. फोन वाजला की नको ती बातमी असेल असं वाटायचं. पस्तीस वर्षांच्या नोकरीत मी इतका घाबरलो नव्हतो.

दुपार कलल्यावर ती आली. सोबत एक ठसठशीत बाई होती, तिची नणंद. आमची बाई थेट नणंदेच्या सासरी जाऊन तिला सगळं सांगून आली होती.

नणंद उभ्यानंच बोलली. "साहेब, त्या दिशी सही करताना मला कसं वाटलं, ते कुणी इचारलं न्हाई. हिनं तेवढं बघितलं. कळूंद्या गावाला. म्हायेर तुटतंय तर तुटूंद्या." मग वहिनीकडे वळून म्हणाली, "वैनी, भ्यायचं न्हाई. कर सही."

तिनं तक्रारीवर पूर्ण नाव लिहिलं, गावासकट. मी गुन्हा दाखल करून घेतला आणि त्याचा फोन जप्त केला.

नोकरीभर मी समजत होतो की माणूस गुन्हेगाराला भितो. तसं नसतं. तो आपल्याच माणसांना भितो, आणि त्यांना न विचारताच त्यांचं उत्तर ठरवून बसतो. धमकी देणारा त्यावरच जगतो.

त्या वर्षी भाऊबीजेला भावांनी बहिणीला बोलावलं नाही. वहिनीनं बोलावलं, आणि ती आली.