त्रेपन्न आकडी संख्या

अमेरिकेत, पिस्कॅटवेत शिकत असताना एका त्रेपन्न आकडी संख्येनं माझं डोकं खाल्लं होतं. ती मूळ संख्या आहे की नाही, यावर माझ्या प्रबंधाचं एक प्रकरण अडलं होतं. विद्यापीठाच्या कॉम्प्युटरनं एकदाचा निकाल दिला: मूळ नाही. पण त्या कसोटीची खोड अशी, की संख्येला कशानं तरी भाग जातो एवढंच ती सांगते. कशानं, ते सांगत नाही. माझे प्राध्यापक तेवढ्यावर खूश. माझ्या जिवाला मात्र चैन पडेना.

"कंपोझिट आहे हे प्रूव्ह झालं ना यार? मग पुढचं चॅप्टर घे," रूममेट म्हणायचा. बिनघोर माणूस. मी त्याच्यावर उगाच खेकसायचो.

तिकडे अकोल्याला बाबाही त्याच संख्येच्या मागे लागले होते. गणिताचे निवृत्त मास्तर ते. मी हौसेनं संख्या पत्रातून पाठवली आणि ते पाटी-पेन्सिल घेऊन बसले. तीननं, सातनं, अकरानं, एकेका मूळ संख्येनं भागून बघत. दर रविवारी फोनवर प्रगती कळवायचे. "एकशे एक्याण्णवपर्यंत आलो. जात नाही रे." कॉम्प्युटरनं त्याच्या कितीतरी पुढचं आधीच तपासलं होतं, पण ते मी त्यांना सांगितलं नाही. रविवारचं त्यांचं ते बोलणं मला हवं होतं.

मग एका रविवारी फोन आईनं घेतला. "बाबा देवळात गेलेत." बाबा देवळाची पायरी चढल्याचं मला आठवत नाही. पुढच्या रविवारी ते म्हणे कुणाच्या तरी लग्नाला गेले होते. आई नको तितकी खुशीत बोलत होती. मी नीट जेवतो का, थंडी फार आहे का. परदेशातल्या पोराला वाईट काही कळवायचं नाही, ही आमच्याकडची रीतच. काहीतरी बिघडलंय हे पक्कं कळत होतं. काय, ते कळायला मार्ग नव्हता.

तो आठवडा मी एका जागी बसू शकलो नाही. पार्किंग लॉटमध्ये येरझारा घालायचो आणि दिसेल त्या गाडीच्या नंबरला भाग देत सुटायचो. शेवटी रविवारची वाट न बघता बुधवारीच फोन लावला. आईची काही तयारी नव्हती. ती रडायलाच लागली. बाबांना झटका आला होता, उजवी बाजू गेली होती. "तुझं काम होऊ दे म्हटलं, मग सांगू," ती म्हणाली.

मला भयंकर राग आला. "त्यांना फोन दे," एवढंच म्हणालो.

बाबांचा श्वास ऐकू आला. मी नेहमीचंच विचारलं, "कुठवर आलात, बाबा?"

"सात," ते म्हणाले. जीभ जड झाली होती, अक्षरं ओढावी लागत होती. "डाव्या हातानं करतोय... पुन्हा पहिल्यापासून. सातनं जात नाही."

"बरोबर आहे," मी म्हणालो. "अकरा आपण दोघं मिळून बघू. मी येतोय."