आबांच्या जिभेवरचं मीठ

माझे सासरे तसे शेतकरी, पण निमोण्यापासून मांडवगण फराट्यापर्यंत त्यांची ओळख होती ती लग्नातल्या आमटीमुळे. सगळे त्यांना आबा म्हणत, मीही. आमटीचे ते पैसे घेत नसत. टॉवेल-टोपी आणि नारळ, एवढाच मान. हजार माणसांच्या पातेल्यात मुठीनं मीठ टाकायचे, पळीतला थेंब तळहातावर घेऊन चाटायचे आणि म्हणायचे, "झाली." त्याशिवाय पंगत बसायची नाही. त्यांच्यानंतर दुसऱ्या कुणी चव बघायची नाही, हीही पद्धतच पडून गेली होती. बघितली असती तर तो आबांचा अपमान झाला असता.

तीन वर्षांपूर्वी त्यांच्या पायांना सूज आली. गोठ्यापर्यंत गेले तरी धाप लागायची. शिरूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, हृदय थकलंय, अंगात पाणी साठतंय, शुगरही वाढलीय. मीठ अगदी कमी, साखर बंद. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "गोळ्या मी देतो, पण बाकीचं तुमच्या हातात आहे."

मला असं कुणी म्हटलं की मी हट्टाला पेटते. घरी आल्याआल्या लोणच्याची बरणी, पापड, फरसाण, सगळं शेजारी देऊन टाकलं. सासूबाई आधीच गेलेल्या, नवरा दिवसभर शिक्रापूरला कंपनीत. मला आडवं येणारं कुणी नव्हतं. आबांची भाजी आधी वेगळी काढायची आणि मग आमच्या भाजीत मीठ घालायचं, असं सुरू झालं.

"आगं, जनावराला बी आपण मिठाचा खडा चाटाय देतो," ते पहिल्याच आठवड्यात म्हणाले. "मी त्याच्यापरीस वाईट हाय व्हय?"

मी ताट पुढं सरकवलं. लिंबू पिळून बघितलं, लसूण वाढवला, जिरं भाजून टाकलं. बिनसाखरेचा चहा ते औषध घेतल्यासारखा एका दमात संपवायचे. एकदा त्यांच्या उशाखाली खारी सापडली, कागदात गुंडाळलेली. मी ती त्यांच्यादेखत कोंबड्यांना टाकली. आज ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

पण सूज उतरली. दोन-तीन महिन्यांत आबा मळ्यापर्यंत जाऊन यायला लागले. एकदा माझ्या माहेरी जेवायला गेलो, तर पहिल्याच घासाला म्हणाले, "लय खारट हाय गं." आईची भाजी नेहमीसारखीच होती. मला कोण आनंद झाला! घरी येऊन शेजारणीला ऐकवलं, "आबांची जीभ वळवली बघा मी."

त्याच वर्षी उन्हाळ्यात मांडवगणला एक लग्न होतं आणि आमटी अर्थातच आबांची होती. मी तिथंच दहा पावलांवर बायकांमध्ये कोथिंबीर निवडत बसले होते. आबांनी सवयीनं मुठी टाकल्या, ढवळायला लावलं, थेंब चाटला. त्यांचा चेहरा उतरला.

"खारट झाली," ते म्हणाले. "दोन बादल्या कढत पाणी ओता."

पाणी ओतलं. परत चाटली. मान हलवली. आणखी एक बादली ओतली. मग थोड्या वेळानं म्हणाले, "झाली."

माझ्या आईची भाजी त्या वेळी तरी मला आठवायला हवी होती. नाही आठवली. आणि पद्धतीप्रमाणे दुसऱ्या कुणी चव बघितली नाही. पंगत बसली. माणसं भात कालवायची, एक घास घ्यायची आणि एकमेकांकडे बघायची. थोड्या वेळानं वाढपी मिठाची वाटी घेऊन फिरायला लागला. आबांच्या आमटीवर हे कधी झालं नव्हतं. एक पाहुणा हसत म्हणाला, "आबा, आज डॉक्टरांनी केली का काय आमटी?" सगळे हसले. आबाही हसले. टॉवेल-टोपी घेताना मात्र त्यांनी मान वर केली नाही.

परत येताना गाडीत एवढंच म्हणाले, "हाताला बराबर म्हाईत व्हतं. जिभेनं घात केला."

ती जीभ तशी मी केली होती. मी खिडकीबाहेर बघत बसले.

नंतर बोलावणी थांबली. वाईट कुणीच बोललं नाही. "औंदा केटरर सांगितलाय, आबा. तुम्हाला कशाला दगदग?" असं म्हणून लोक पत्रिका ठेवून जायचे.

गेल्या वर्षी माझ्या मुलीचं लग्न ठरलं, दौंडच्या कार्यालयात. दुसऱ्या दिवशी आबांनी जेवता जेवता ताट बाजूला सारलं.

"पोरी, एक महिना मला तुमच्यातलं जेवू दे. जीभ जाग्यावर येईल. नातीची आमटी तेवढी करतो. मंग जलमभर तू घालशील ते खाईन."

"आबा, मीठ तुम्ही टाका, चव मी बघते."

"मंग ती तुझी आमटी झाली."

सासरा सुनेपुढं हात पसरत होता. मी नाही म्हटलं. डॉक्टरांचं नाव पुढं केलं, पण नकार माझाच होता. त्यांचे पाय परत तसे सुजलेले बघायची माझी छाती नव्हती. ते "बरं" म्हणाले आणि तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

लग्नात आबा आयुष्यात पहिल्यांदा पाहुण्यांच्या पंगतीला बसले, नवा फेटा बांधून. मी त्यांच्या शेजारी बसले. केटररची आमटी आली. पंगत अर्धी झाल्यावर आबांनी बोट बुडवून चाटलं आणि हात मागं घेतला.

"मला खारटच लागणार," ते हळूच म्हणाले. "तू सांग, कशी झालीय?"

"तुमच्यासारखी नाही," मी म्हटलं.

त्यांनी पंगतीवरून नजर फिरवली, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"खोटं कशाला बोलतीस? समदी दुसऱ्यांदा वाढून घेत्यात की."

माझाही द्रोण तेव्हा दुसऱ्यांदा भरलेला होता.