गाडीसाठी तापलेला बंब

त्या वर्षी आमच्या घरी रविवारची आंघोळ थंड पाण्याने व्हायची, कारण बंब गाडीसाठी तापायचा. हे मी कुणाला सांगितलं तर लोकांना वाटतं मी चेष्टा करतेय. घाटकोपरच्या बैठ्या चाळीत आम्ही राहायचो, दोन खोल्या आणि मागे हातभर अंगण. त्या अंगणात पत्र्याच्या आडोशाखाली दादाची गाडी उभी असायची. कधीकाळी काळी-पिवळी टॅक्सी म्हणून तिने जन्म घालवला होता. दादाने तिच्या मागच्या सीटा, दारांचे आतले पत्रे, कॅरियर, जे जे निघेल ते काढून टाकलं होतं. का, तर वजन कमी. मी म्हणायचे, "अजून थोडं काढ, मग धक्का मारून शर्यत लाव." तो हसायचाही नाही. गाडीच्या बाबतीत त्याला विनोद कळत नसे.

दादा विक्रोळीच्या एका कारखान्यात फिटर होता. शहराबाहेर एक जुनी, बंद पडलेली धावपट्टी होती. तिथे हौशी पोरं वर्षातून एक-दोनदा गाड्या पळवायची. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या करायच्या, झेंडा पडला की सरळ रेषेत पाव मैल सुटायचं. वीस-बावीस सेकंदांचा खेळ. त्या वीस सेकंदांसाठी हा माणूस वर्षभर नखांत काळं घेऊन जेवायला बसायचा. आईने त्याच्यासाठी वेगळं ताट ठेवलं होतं.

पण खरी गोष्ट दादाची नाही, बाबांची आहे. बाबा गिरणीत बॉयलरवर होते, सव्वीस वर्षं. संप झाला, गिरणी बंद पडली ती पडलीच. दोन वर्षं झाली तरी बाबा ओट्यावर बसून होते. तीन-तीन दिवस दाढी करायचे नाहीत. कुणीतरी एका सोसायटीत वॉचमनची नोकरी आणली, तेव्हा म्हणाले, "ज्या हातान बॉयलर सांभाळलंय, त्या हातान दांडको धरू?" त्यानंतर कुणी काही आणलं नाही. मी अंधेरीला एका ऑफिसात टायपिस्ट होते. पगार आईच्या हातात द्यायचे, बाबांसमोर चहा ठेवायचे, पेपर ठेवायचे, आणि निघून जायचे. त्यांचं सगळं नीट चाललं आहे ना, एवढं बघितलं की माझं कर्तव्य संपत होतं. माणूस आमच्या डोळ्यांदेखत विझत चालला होता आणि आम्ही त्याला वेळच्या वेळी जेवायला वाढत होतो.

एका शनिवारी दादा ओट्यावर त्यांच्याशेजारी जाऊन बसला आणि म्हणाला, "बाबा, इंजिनाचं तेल सकाळी थंड असतं, घट्ट. सुरू केल्या केल्या जोर लावला की आतली बेअरिंगं खातं. तापवून ओतलं तर बरं. पण कसं तापवायचं कळत नाही. करून द्याल?"

बाबा उठले, अंगणात गेले, आणि बंब हलवून बघितला.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी उठले तर बाबा दाढी करून बसले होते. तांब्याचा बंब कोळशावर धुमसत होता. रात्री इंजिनातून काढून घेतलेलं तेल एका डब्यात होतं, तो डबा घमेल्यातल्या गरम पाण्यात उभा. तेल थेट जाळावर ठेवायचं नाही, जळतं, असं बाबांचं म्हणणं. पाण्याच्या उबेनं हळूहळू चढू द्यायचं. "थंड लोखंडावर जोर करूक नाय," ते दादाला सांगत होते. "आदी ऊब, मगे काम." रेडिएटरमध्ये घालायचं पाणीही बंबातूनच निघायचं. मोठमोठ्या गाड्यांना म्हणे रंगीत कूलंट असतं. आमच्या टॅक्सीला महापालिकेचं पाणी.

तेल तयार झालं हे कसं ओळखायचं? थर्मामीटर नव्हता. होता तो तापाचा, आणि तो आईने कपाटात कुलूप लावून ठेवला. बाबा उलथन्याचा दांडा तेलात बुडवून वर धरायचे आणि धार बघायचे. आई दारातून म्हणाली, "तुमी पाक बघतास काय?"

"पाक उलटो बघूचो," बाबा म्हणाले. "तार तुटली की तयार."

सकाळचं तेल काकवीसारखं सरळ, सलग तार धरून खाली यायचं. तापत गेलं की तार बारीक व्हायची आणि मग थेंब थेंब सुटायचे. त्या क्षणी बाबा नुसती मान हलवायचे आणि दादा डबा उचलायचा, तेल ओतून गाडी सुरू करून बघायचा. आईचं उलथनं गेलं ते गेलंच. पुढचे कित्येक महिने आमच्या आंघोळीच्या पाण्यावर तेलाचे इंद्रधनुष्यी ठिपके तरंगायचे आणि आई देवाला हात जोडायच्या आधी हाताचा वास घेऊन बघायची.

एका संध्याकाळी मी दादाला गाडीखालून पाय ओढून बाहेर काढलं. ऑफिसातल्या एका ड्रायव्हरकडून मला कळलं होतं की गाडी सुरू करून दहा मिनिटं उभी ठेवली की इंजिन आपोआप गरम होतं.

"खरं आहे ना?" मी विचारलं.

"असेल," तो म्हणाला. फडक्याने हात पुसत बसला.

"म्हणजे तू बाबांना खेळवतोयस. लहान पोराला लाटायला कणीक देतात तसं."

"हळू बोल ना यार!" त्याने दाराकडे बघितलं. "उठतायत ना सकाळी? दाढी करतायत ना? मग? तू गप बस. त्यांना कळलं ना, तर सगळ्याची वाट लागेल."

मला राग आला, आणि राग त्याचा नव्हता. त्याला जे सुचलं ते मला दोन वर्षांत सुचलं नव्हतं. मी गप्प बसले. पण त्या दिवसापासून दर रविवारी मला एकच धास्ती असायची. कुणीतरी सहज बोलून जाईल आणि बाबा पुन्हा ओट्यावर जाऊन बसतील, ते कायमचे.

शर्यतीच्या रविवारी आम्ही टेम्पोला गाडी बांधून नेली. टेम्पोत तेलाचा डबा, कोळशाचं पोतं, घमेलं, आणि घासूनपुसून लखलखीत केलेला बंब. बंबाच्या शेजारी बाबा, इस्त्रीच्या शर्टात. धावपट्टीवर बंब उतरवला आणि चहूकडून हशा उसळला. "काका, आंघोळ करून शर्यत लावणार काय?" "साबण आणलाय ना?" दादा लाल झाला. बाबांनी कोळसे रचले, वारा कुठून येतो ते बघितलं आणि बंब फिरवून ठेवला.

शेजारच्या गाडीचा मालक, गॉगल घातलेला, खरोखर चांगुलपणाने जवळ आला. त्याची गाडी सुरूच होती, घर्र घर्र. "काका, एवढा त्रास कशाला? इंजिन चालू ठेवलं की होतं ना आपोआप गरम."

झालं. मी दादाकडे बघितलं, दादा जमिनीकडे.

बाबांनी उलथन्याचा दांडा तेलात बुडवला, वर धरला. "पाणी गरम होता," ते म्हणाले. "त्याल मागसून येता." आणि धार बघत राहिले.

मग शर्यत लांबली. आयोजकांचं काहीतरी अडलं, अर्धा तास सगळे उन्हात ताटकळले. गॉगलवाल्याच्या गाडीचं पाणी उकळायला लागलं. त्याने ती बंद केली, बॉनेट उघडलं, पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद केली. बाबा मात्र घमेल्यात कधी गार पाणी, कधी गरम पाणी ओतत तेल होतं तिथल्या तिथे धरून बसले होते. सव्वीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं. दादाचा आणि गॉगलवाल्याचा नंबर एकत्र पुकारला तेव्हा बाबांनी मान हलवली. दादाने तेल ओतलं, पाणी ओतलं, आणि ती म्हातारी टॅक्सी पहिल्या हाकेला उठली. असा आवाज तिने अंगणात कधी काढला नव्हता. दादा गॉगलवाल्याच्या पुढे पोचला, एका गाडीच्या अंतराने. मी किती ओरडले ते मला आठवत नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसात माझा आवाज बसलेला होता, एवढं आठवतं.

पुढच्या फेरीत दादा सपशेल हरला. पण परत आला तो नाचतच. मला बाजूला ओढून म्हणाला, "अगं, खरंच फरक पडतो! नुसतं उभं ठेवून पाणी तापतं, तेल नाही तापत. मीच गाढव."

परतताना दादा गाडीच्या स्टिअरिंगला बसला होता, मागे, दोराच्या टोकाला. टेम्पोत बाबा आणि मी, मध्ये बंब. विक्रोळी मागे पडल्यावर बाबा म्हणाले, "उद्यापासून मी कामार जातंय."

मुलुंडच्या एका हॉस्पिटलच्या धुलाईघरात बॉयलर होता. जुन्या गिरणीतल्या ओळखीच्या माणसाने तीन आठवड्यांपूर्वीच बोलावलं होतं.

"तीन आठवडे? मग गेला का नाहीत?"

"ह्या रविवारपर्यंत थांब म्हटलंय तेका. तुझ्या भावान त्याल तापवूक सांगितलेला."

मला राहवलं नाही. "बाबा, दादाला तेव्हा वाटत होतं की इंजिन आपोआप..."

"माका ठाऊक होता," बाबा म्हणाले. "पयल्या दिवसापासून. तो करी होतो माका बरा वाटूचा म्हणान. पण तेणा माका इचारल्यान गो. दोन वर्सांत माका कोणी कायच इचारूक नाय."

ते तक्रारीच्या सुरात बोलले नाहीत, म्हणूनच ते मला इतकं लागलं. दोन वर्षं मी त्यांच्यापुढे सगळं आणून ठेवलं होतं. आणि एकदाही, एकदाही त्यांना काही विचारलं नव्हतं, साखर किती हवी हेसुद्धा. टेम्पो खड्ड्यातून गेला. मी बंब धरायच्या निमित्ताने मान खाली घातली.

बऱ्याच वेळाने मी म्हटलं, "बाबा, उद्या डब्याला काय करू?"

बाबा विचारात पडले. चांगला दोन-तीन दुकानं मागे पडेपर्यंत विचार केला त्यांनी.

"भाकरी दी," ते म्हणाले. "आणि सुकट असली तर भाज थोडी. कांदो जास्त घाल."