भरवण्याची परीक्षा

अपंगांची काळजी कशी घ्यायची, याचा कोर्स मी चाळिशीत केला. नारपोलीत, खाली खडखडणारे कापडाचे लूम आणि वर आमचा वर्ग. वही नियमांनी भरली, पण किस्से वहीबाहेरच साठले. आता वर्गातल्या आम्ही चौघी भेटलो की एक सांगते, दुसरी म्हणते, "अगं, हे तर काहीच नाही," आणि निघायला उशीर होतो.

*

पहिल्याच आठवड्यात भरवायचा सराव होता. माझ्या वर्गातल्या रुबिनाचे हात मागे बांधले आणि मी वरणभात घेऊन बसले. दोन मुलं वाढवलेली, मला काय कोण शिकवणार! तीन मिनिटांत वाटी रिकामी. हात सुटल्यावर रुबिनाने डोळे पुसले.

"ताई, तुमने खिलाया नहीं, भर दिया."

घरी येऊन मुलांना विचारलं, लहानपणी मी तुम्हाला कसं भरवायचे रे? दोघांनी विषय बदलला.

*

मग सरावाला मिळाले सावंतकाका. दृष्टी पूर्ण गेलेली, एकटेच राहायचे. ते आंघोळीला गेले तेवढ्यात मी भल्या बाईने ओटा आवरला, डबे उंचीप्रमाणे लावले. दुसऱ्या दिवशी गेले तर काका बिनचहाचे बसलेले.

"इतकी वर्षं दिसत नाही," ते शांतपणे म्हणाले, "पण माझ्या घरात मी आंधळा कालच झालो."

मला रडूच आलं. ते सांगत गेले आणि मी एकेक डबा पुन्हा जागेवर ठेवत गेले.

*

खुणांनी बोलणं सगळ्यांत आधी रुबिनाला जमलं. शिकवणाऱ्या मॅडमनी विचारलं, कुठे शिकलीस?

"अब्बा लूम चलाते हैं. वहाँ शोर में कौन किसकी सुनता है?"

अब्बांना आता घरीही ऐकू येत नाही, हे तिने बऱ्याच दिवसांनी सांगितलं.

*

परीक्षेसाठी मला खारबावची नयना मिळाली. एकोणीस वर्षांची. बोलत नाही, हात साथ देत नाहीत, आणि खाते फक्त आईच्या हातून. आईला गर्भपिशवीचं ऑपरेशन सांगितलेलं. डॉक्टर म्हणत होते, आता थांबू नका. मावशींनी, म्हणजे नयनाच्या आईने, तारीख दोनदा पुढे ढकलली होती.

"मी दवाखान्यात पडले तं हिला कोन भरवील? उपाशी ऱ्हाईल पोर."

मी नियमाप्रमाणे हातमोजे घालून, चमच्याने भरवायला बसायचे. तीन दिवस नयनाने ओठ उघडले नाहीत. चौथ्या दिवशी मॅडम परीक्षा घ्यायला आल्या आणि कोपऱ्यात वही घेऊन बसल्या. चमचा दिसताच नयनाने मान फिरवली.

"ऱ्हाऊ दे गो," मावशी म्हणाल्या. "मी न्हाय जात दवाखान्यात."

मी हातमोजे काढले. हात स्वच्छ धुतले, मावशी करायच्या तसा बोंबलाच्या कालवणात भात कुस्करला, नयनासमोर मांडी घातली आणि घास धरून नुसती थांबले. हात भरून आला. नयनाने माझ्या बोटांचा वास घेतला. मग तोंड उघडलं.

मॅडमनी हातमोज्यांचे पाच मार्क तिथल्या तिथे कापले.

पाचव्या घासाला मावशी उठून आत गेल्या. मला वाटलं, रडायला गेल्या. त्या ताट वाढून घेऊन आल्या आणि आमच्या शेजारी जेवायला बसल्या.

"डाक्टरला सांग, सोमवारी येते."

मग त्यांनी भात कुस्करून पहिला घास घेतला.

"भात गरम असला का असा लागते," त्या म्हणाल्या. "इसरलेच होते मी."