पहिलीच्या वर्गासाठी केलेला माझा युक्तिवाद

घरात मला 'वकीलसाहेब' म्हणतात. शिक्षण बी.ए., विषय तर्कशास्त्र, नोकरी सुरतेत, उधन्याला लूमच्या कारखान्यात सुपरवायझर. त्या खडखडाटात तर्क ऐकतो कोण? म्हणून बायकोच्या मराठी शाळेत पहिलीचा वर्ग ठेवायचा की बंद करून मुलं गुजराती शाळेत घालायची, यावर पालकांची सभा ठरली तेव्हा मला आयतं मैदान मिळालं. पहिली गेली की पुढच्या वर्षी दुसरी जाणार, मग शाळाच.

"नुसतं बोलू नका, वर्ग वाचवा," बायको म्हणाली.

मी उभा राहिलो. आधी सिद्धांत, मग निष्कर्ष. "मूल आईच्या भाषेत सगळ्यात चांगलं शिकतं. आपल्या मुलांच्या आईची भाषा मराठी. म्हणून मुलं मराठी शाळेतच हवीत!" टाळ्या पडल्या. लेकाचं भाषण म्हणून पुढे येऊन बसलेल्या माझ्या म्हाताऱ्या आईनेही वाजवल्या.

शेजारच्या बमरोली वस्तीतली एक बाई उठली, कडेवर मुलगी. "दादा, माझ्या जेठाचा पोरगा गुजरातीत शिकला, बँकेत लागला. शेजारणीचा शिकला, त्याचं दुकान झालं. माझा नवरा मराठीत शिकला, लूमवर. भाऊ शिकला, तोही लूमवर. अजून सांगू?"

"ताई, चार उदाहरणांवरून नियम होत नाही. पाचवं उलटं निघू शकतं."

"मग दाखवा ना पाचवं!"

सगळी सभा माझ्याकडे बघायला लागली. मराठीत सगळ्यात जास्त शिकलेला तिथे मीच होतो. आणि मीही लूमवरच.

निदान सिद्धांत तरी शाबूत आहे, म्हणून मी पुन्हा आईच्या भाषेवर आलो. तेवढ्यात आई मोठ्यांदा, अगदी कौतुकाने म्हणाली, "पन आपला घरमा मराठी कोन बोलस रे?"

हशा पिकला. सभेतले आम्ही सगळेच खानदेशी. घरात सगळी अहिराणी, आणि मातृभाषा विचारली की मुकाट्याने मराठी सांगायची, ही आमची पिढ्यांची सवय. कडेवरच्या त्या पोरीला मराठीही नव्यानेच शिकायची होती आणि गुजरातीही. मग तिच्या आईने पोट भरणारी निवडली, तर कुठला तर्क आडवा घालू?

वर्ग बंद करण्याच्या बाजूने हात वर झाले. बायको मान खाली घालून मोजत होती.

जूनपासून पहिलीच्या खोलीत मोडके बाक रचलेत. बायको शेजारी दुसरीला शिकवते. त्या मुलांच्या मागून आता कुणी येणार नाही.

परवा आईने हळूच विचारलं, "मन्हं काही चुकनं का रे?"

तिचं विधान खरं होतं. तेच तिला सांगायचं मला जमलं नाही.