ताप पाहणारा हात

कुडव्यातला तो कॉम्प्युटर दुरुस्त करणारा चालू मदरबोर्डजवळ उलटा हात धरून ताप पाहायचा, लेकराच्या कपाळाचा पाहतात तसा. मला चार कोरचा प्रोसेसर ठरल्यापेक्षा जास्त वेगानं पळवायचा होता, पण बोर्ड स्वस्तातलाच हवा होता.

"हा एवढा करंट नाही झेलत, जळून जाईल. कायले जिद्द करून राहिला?" तो म्हणाला.

मी ऐकलं नाही. त्यानं तोच स्वस्तातला बोर्ड बसवून दिला.

पंधरवड्यात बोर्ड जळाला. त्या गार पडलेल्या बोर्डावरही त्यानं सवयीनं उलटा हात ठेवला. मग स्वतःच्या कॉम्प्युटरचा चांगला बोर्ड काढून माझ्या कॅबिनेटमध्ये लावला.

"माह्याच हातानं लावलो होतो नं," एवढंच बोलला.

त्याच्या टेबलावरचा स्क्रीन रस्त्यावरूनही दिसतो, अजून काळाच आहे. त्या दुकानावरून जाताना मी गाडी हळू करत नाही.