आत्याच्या खोलीची आकारणी

आत्या कुणाच्याही घरी गेली की आधी माणसांकडे बघायची नाही, भिंतींकडे बघायची. आजाऱ्याला भेटायला गेलो तरी खुर्चीवर टेकता टेकता तिचा लांबी-रुंदीचा गुणाकार होऊन गेलेला असायचा. परत येताना रस्त्यात म्हणायची, "ताप उतरलाय, बरं झालं. पण ती मागची खोली दहा बाय बाराची आहे गं. यादीत आठ बाय दहाच लागलीये."

ती माझ्या वडिलांची धाकटी बहीण. नगरपालिकेत घरपट्टीच्या खात्यात कारकून होती, आणि त्या खात्यात घरोघर जाऊन मोजणी करणारी ती एकटीच बाई. दर चार वर्षांनी सगळ्या घरांची नव्यानं मोजणी व्हायची. तेव्हा ती कातडी डबीतली पन्नास फुटी टेप आणि पुठ्ठ्याला चिमट्यानं लावलेले कागद घेऊन सकाळी सातलाच बाहेर पडायची. बरोबर एक शिपाई असायचा. टेपेच्या टोकाची पितळी कडी भिंतीला टेकवून धरणं एवढंच त्याचं काम. शून्याचं टोक कायम त्याच्या हातात, म्हणून सगळं खातं त्याला शून्यकाका म्हणायचं. त्याला त्याचं वाईट वाटत नसे. "माझ्याशिवाय कुणाचा आकडा सुरूच होत नाही," असं तो ऐटीत सांगायचा.

"घर आपलं, तर मग पट्टी कशाची?" असं मी एकदा तिला विचारलं होतं. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांची असेन.

"समज, हे घर तुझ्या बाबांनी दुसऱ्या कुणाला राहायला दिलं असतं," ती म्हणाली, "तर वर्षाचं किती भाडं आलं असतं? तेवढं धरायचं. त्यातला दहावा हिस्सा डागडुजीचा म्हणून सोडायचा. उरेल त्यावर शेकडा अमुक अशी पट्टी."

"पण आपण कुठे दिलंय भाड्यानं?"

"म्हणून तर समज म्हटलं. आपल्या घरात आपणच भाडेकरू, असं धरून चालायचं."

आई आतून म्हणाली, "मग भाडेकरणीनं छत गळतंय ते कुणाला सांगायचं?"

"घरमालकाला," आत्या म्हणाली.

बाबांनी वर्तमानपत्र तोंडासमोर आणखी वर धरलं.

मोजणीच्या दिवसांत तिचे किस्से ऐकायला आम्ही टपलेलो असायचो. नव्या खोलीच्या दाराला कपाट लावून ठेवणारे लोक असत. नवा गिलावा काजळीनं काळा करून "ही तर आजोबांच्या वेळची भिंत" म्हणणारे असत. एका घरी तर नव्या खोलीत म्हाताऱ्या सासूला पांघरूण घालून निजवलं होतं, म्हणजे बाई आत येणार नाहीत. आत्या दारात थांबली. शून्यकाका आवाज न करता कडेकडेनं पलीकडच्या भिंतीपर्यंत गेला. आत्या हळूच म्हणाली, "चौदा." तशी कण्हणाऱ्या म्हातारीनं एक डोळा उघडला आणि म्हणाली, "चौदा कुठले? माझ्या मुलानं तेराची बांधलीये."

भिंती लपवणाऱ्यांशी तिचं वैर नव्हतं. तिला खरा जाच व्हायचा तो चुलीचा. त्या खात्यात एक जुना नियम चालत आलेला होता. तो कुठल्या पुस्तकात छापलेला नव्हता, पण सगळे तो पाळायचे. चूल वेगळी, तर घर वेगळं. दोन भाऊ एका छपराखाली राहत असोत; एका चुलीवर जेवत असतील तर एक घर, दोन चुली दिसल्या तर दोन घरं. आणि जी चूल मालकाची नाही, तिची खोली भाड्यानं दिलेली धरायची. भाड्याच्या खोलीला दर तिप्पट. त्यामुळे आत्याला लोकांच्या स्वयंपाकघरात वाकून बघावं लागे. कोण कुणापासून तुटलंय, कोणत्या सुनेनं वेगळी कढई आणलीय, हे घरातल्या पुरुषांच्या आधी तिला कळायचं. ती ते बाहेर कुठे बोलायची नाही. फक्त लिहायची: दोन.

आता आमच्या घरातल्या तिच्या खोलीविषयी सांगायला हवं.

लग्नानंतर तिसऱ्या वर्षी ती एक ट्रंक घेऊन परत आली. का, ते आम्हा मुलांना कुणी सांगितलं नाही, आणि पुढे विचारायचं वयही निघून गेलं. बाबांनी बाजूचा उघडा व्हरांडा विटांनी बंद करून तिला खोली करून दिली. नऊ बाय अकरा. एक खिडकी गल्लीवर, एक दार मधल्या खोलीत उघडणारं. पगार झाला की ती आईच्या हातात घरखर्चाचे पैसे ठेवायची. आई ते न मोजता डब्यात टाकायची.

सगळं नीट चाललं होतं, पण चहावरून बिनसलं. आई चहा करायची तो दुधाळ आणि गोड. आत्याला हवा कडक. शिवाय मोजणीच्या दिवसांत आत्याला साडेपाचला चहा लागायचा आणि आईला साडेसहाशिवाय जाग यायची नाही. तीन-चार दिवस धुसफूस झाली. मग आत्यानं रॉकेलचा पितळी स्टोव्ह विकत आणला आणि खोलीतल्या कोनाड्याखाली ठेवला.  आई समोरच्या शिंपीणकाकूंना म्हणाली, "आमच्या हातचा चहा आता चालत नाही." तेव्हापासून रोज पहाटे त्या खोलीतून पंप मारल्याचा आवाज यायचा, आणि मधल्या खोलीत आई जागी असली तरी डोळे मिटून पडून राहायची.

त्या वर्षी आमची गल्ली आत्याच्याच वाट्याला आली. स्वतःचं घर स्वतः मोजायचं नसतं, म्हणून तिनं आमचं घर खात्यातल्या एका चष्मेवाल्या कारकुनाकडे दिलं. त्यानं ते मोजलंच नाही. "बाईंचं घर काय मोजायचं!" असं म्हणून त्यानं टेबलावर बसूनच जुने आकडे उतरवले आणि पुढे लिहिलं: घर एक, चूल एक. त्यानं आपल्या परीनं आत्याचा मान राखला होता. आत्याला हे ठाऊक नव्हतं.

त्याच आठवड्यात आत्यानं समोरच्या शिंप्याचं घर दोन म्हणून लिहिलं होतं. शिंपीणकाकू रडल्या होत्या. "अहो, सून वेगळी शिजवते, वेगळी राहत नाही! तिला तिखट सोसत नाही, एवढंच आहे." आत्या म्हणाली होती, "काकू, मला तिखट लिहायला रकाना नाही."

महिन्याभरानं नगरपालिकेच्या फलकावर आकारणीची यादी लागली. ज्याला हरकत असेल त्यानं लेखी द्यावी, अशी सूचना होती. शिंपीणकाकू यादी वाचताना आपल्या नावापाशी थांबल्या नाहीत, आमच्या नावापर्यंत आल्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्या नवऱ्याच्या सहीनं हरकत दाखल झाली. मोजणी करणाऱ्या बाईंच्या स्वतःच्या घरात दोन चुली आहेत, त्या एक कशा झाल्या?

खात्याच्या साहेबांनी आत्याला बोलावून सांगितलं, "गुरुवारी फेरमोजणी. माझा नाइलाज आहे. स्टोव्ह रोजच्या वापरातला निघाला तर खोली वेगळी लागेल. भोगवटादार म्हणून तुमचं नाव, पुढे भाडेकरू."

बुधवारी संध्याकाळी जेवायला बसल्यावर आत्यानं हे सगळं सांगितलं. बाबा म्हणाले, "त्यात काय एवढं? एक दिवस तो स्टोव्ह माळ्यावर टाकू."

"लोकांच्या माळ्यावर मी शिडी लावून बघते, दादा."

"अगं, पैशासाठी नाही म्हणत मी. पट्टी मी भरीन. पण माझ्या बहिणीपुढे भाडेकरू लिहायचं? ते फलकावर लागायचं? गाव काय म्हणेल, बहिणीकडून भाडं घेतो?"

"शिंपीणकाकूंच्या सुनेपुढेही लिहिलंच की मी."

"ती सून. तू माझी बहीण."

 आत्यानं पानात घेतलेलं सगळं संपवलं, पण मान वर केली नाही. एवढी वर्षं गावभर घरं मोजणाऱ्या माझ्या आत्याला दुसऱ्या दिवशी आपण ह्या घरात कोण, हे दुसऱ्याच्या हातून लिहून मिळणार होतं. ते काय असेल ते तिनं स्वतःच ठरवून टाकलेलं दिसत होतं.

आई बाबांना वाढता वाढता म्हणाली, "वन्सं स्टोव्ह हलवायचा नाही म्हणतायत तर नका हलवू. उगाच मागे लागू नका." बाकी काही नाही.

गुरुवारी चष्मेवाला आला. मान खाली घालून आला. बरोबर शून्यकाका. हरकतदार म्हणून शिंपीणकाकूही आल्या आणि दाराशी उभ्या राहिल्या. आई "आत या" म्हणाली तरी आल्या नाहीत. शून्यकाकानं कडी आत्याच्या खोलीच्या भिंतीला टेकवली. चष्मेवाल्यानं दोनदा मोजलं. नऊ बाय अकरा. मग सगळे कोनाड्यापाशी थांबले.

"हा स्टोव्ह... रोजच्या वापरातला आहे का, बाई?"

"रोज पेटतो," आत्या म्हणाली.

"कोण पेटवतं?" हा प्रश्न मोजणीच्या तक्त्यातच होता; जो पेटवील त्याची चूल. त्याला तो विचारावाच लागणार होता.

"मी पेटवते," आई म्हणाली.

आत्या गर्रकन वळली. "वहिनी!"

"काय वहिनी? घर माझं, चूल माझी. दोन असोत नाहीतर दहा. लिहा हो तुम्ही."

"खोटं आहे ते," दारातून शिंपीणकाकू म्हणाल्या. "रोज पहाटे तुमच्या वन्सं पंप मारतात. अख्ख्या गल्लीला ऐकू येतं. तुम्ही तेव्हा घोरत असता, तेही ऐकू येतं."

शून्यकाकाला हसू आलं, त्यानं ते खोकल्यात लपवलं. चष्मेवाल्यानं आत्याकडे पाहिलं. पेन कागदावर टेकवून तो नुसता उभा होता. आत्याच्या एका होकारावर सगळं मिटलं असतं.

"काकू बरोबर सांगतायत," आत्या म्हणाली. "मी पेटवते. दोन लिहा."

त्यानं लिहिलं. वाचूनही दाखवलं, तसा नियम होता. भोगवटादार, नाव, भाडेकरू. आत्यानं सही केली. तिची सही नेहमी टपोरी असायची. त्या दिवशी ती रकान्यात मावेल इतकी लहान झाली.

सगळे गेल्यावर आई ओट्यापाशी उभी राहून भांडी आपटत होती. "मला खोटारडी पाडलं चारचौघांत. कशासाठी? मी घरची म्हणत होते, ह्यांनाच परकी होऊन राहायचंय!" आत्या दार लावून आत बसली. रात्री ती जेवली नाही आणि आईनं तिला बोलावलंही नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे मला जाग आली ती बोलण्यानं. आई अंथरुणात नव्हती. आत्याच्या खोलीचं दार सताड उघडं होतं. आत आई फरशीवर बसून स्टोव्हला पंप मारत होती. तिला ते जमत नव्हतं. रॉकेल सांडत होतं, पिवळी ज्योत हातभर वर जात होती. आत्या पलंगावर उठून बसली होती.

"वहिनी, सरका. भुवया जळतील."

"जळू देत. काल मी बोलले ते खोटं होतं ना? आता रोज मीच पेटवणार. मग कुणी खोटं म्हणून दाखवावं."

"अहो, पण यादी लागली आता. चार वर्षं काही बदलत नाही."

"चार तर चार. चहापत्ती किती घालू?"

"दीड चमचा."

"दीड? हा चहा आहे का काढा?"

आणि आई खरंच रोज उठू लागली. पहिला महिना दोघी फक्त चहापत्तीवर भांडत. नंतर दुसरंही बोलू लागल्या. मी मधल्या खोलीत पांघरुणात पडून ऐकायची. कुणाच्या घरी काय दिसलं, बाबा लहानपणी कसे होते, आणि एकदा, अगदी हलक्या आवाजात, आत्याच्या सासरचं काहीतरी. मी कान टवकारले तेवढ्यात आई म्हणाली, "पोरगी जागी आहे," आणि दार लोटलं. आजही कुठे रॉकेलचा वास आला की मला ते लोटलेलं दार दिसतं, त्याच्या फटीतून येणारा पिवळा उजेड दिसतो, आणि उगाच सुरक्षित वाटतं.

चार वर्षं आमच्या घरी घरपट्टीची दोन बिलं आली. एक बाबांच्या नावाचं, एक आत्याच्या. आत्या आपलं स्वतः भरायची, पहिल्याच आठवड्यात. बाबा ते बिल बघायचेही नाहीत.

पुढच्या मोजणीला पुन्हा चष्मेवाला आला. ह्या वेळी खरंच मोजायला आला. शिंपीणकाकू आमच्याकडेच बसल्या होत्या, आईकडून उशांच्या उसवलेल्या खोळी घ्यायला आल्या होत्या. त्यांची सून परत एकत्र जेवू लागली होती, म्हणून त्यांचा राग कधीच गेला होता.

"हा स्टोव्ह कोण पेटवतं?" त्यानं विचारलं.

आईनं ह्या वेळी शिंपीणकाकूंकडे पाहिलं. आत्या खिडकीबाहेर बघत होती. स्वतःच्या बाजूनं ती एक शब्द बोलणार नव्हती.

"वहिनीच पेटवतात," शिंपीणकाकू म्हणाल्या. "चार वर्षं ऐकतेय मी. अजून नीट जमत नाही त्यांना."

त्यानं आत्याकडे पाहिलं.

"खरं आहे," ती म्हणाली. "नियमात बसतं. एक लिहा."

मग भोगवटादाराच्या रकान्यात काय लिहायचं, असं त्यानं विचारलं. आत्या म्हणाली, मालकाचं कुटुंब असेल तर रकाना कोरा सोडतात. त्यानं तो कोरा सोडला.

त्या संध्याकाळी बाबा आईला म्हणाले, "झालं ना मनासारखं? आता उद्यापासून जरा उशिरा ऊठ."

"उशिरा कशी उठू?" आई म्हणाली. "वन्संना एकटीला चहा घशाखाली उतरत नाही." आणि गजराच्या घड्याळाला किल्ली द्यायला गेली.